राजापूर समाजवाद्यांचं होतं, मग शिवसेनेचं कसं झालं?

'पस्तीस वर्षं समाजवाद्यांना निवडून देणारा कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ एका निवडणुकीत शिवसेनेच्या धनुष्यबाणाकडे कसा वळला?' हा प्रश्न मला मुळातच थोडा चुकलेला वाटतो. तो एका निवडणुकीत वळला नाही, आणि ज्या अर्थाने आपण म्हणतो त्या अर्थाने 'समाजवादी' तो किती होता, याचीही मला शंका आहे.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै इथून पहिल्यांदा लोकसभेत गेले. लाट ओसरली, तरी १९६२ आणि १९६७ लाही तेच. वेंगुर्ल्याचा माणूस, अमोघ वक्ता. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात त्यांचं निधन झालं, आणि दोनच महिन्यांत निवडणूक आली. उमेदवार मधु दंडवते, जन्माने नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे कोकणात बाहेरचेच. तरी १९७१ च्या इंदिरा लाटेत लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि पुढे १९७७, १९८०, १९८४, १९८९ असं सलग. १९८४ ला राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने नेल्या, त्यातही राजापूर हाती लागलं नाही. हे मत माणसाला होतं आणि काँग्रेसच्या विरोधात होतं. समाजवादाचा क्रमांक त्यानंतरचा.

आता मुंबई बाजूला ठेवून हा मतदारसंघ कळत नाही. घरटी एक तरी माणूस गिरणीत किंवा गोदीत, लालबाग-परळला गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिलेला. घर चालायचं त्याच्या मनिऑर्डरीवर, आणि पोस्टमन मनिऑर्डर वाचून दाखवायचा तेव्हा खालच्या चार ओळींत भातलावणीपासून मतापर्यंत सगळ्या सूचना असायच्या. गणपतीला चाकरमानी आला की पडवीत राजकारण तोच बोलणार. त्या खोल्यांवर आधी लाल बावट्याचा आणि समाजवाद्यांचा प्रभाव होता, नंतर खाली शिवसेनेच्या शाखेचा फलक लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि कामगार युनियनचा जोरच गेला. रेशन कार्डापासून हॉस्पिटलपर्यंत धावून येणारा माणूस आता शाखेतला होता. १९९० ला मालवणातून नारायण राणे सेनेचे आमदार झाले, तेव्हाच पुढचं चित्र दिसायला हवं होतं.

१९९१ ला दंडवते पडले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत आले. मला हे निष्ठुर वाटतं, कारण दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम घालणारे रेल्वेमंत्री हेच, आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं तेव्हा अर्थमंत्रीही हेच (रेल्वे खात्यात तेव्हा जॉर्ज फर्नांडिस). पण गाडी पूर्ण मार्गावर धावली १९९८ ला. तोवर खासदार होते शिवसेनेचे सुरेश प्रभू, जे १९९६ पासून सलग चार वेळा आले. गंमत बघा, प्रभूही पुढे रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते इथले खासदार नव्हते.

प्रभूंचीही भाषणं शाखाप्रमुखाच्या धाटणीची कधीच नव्हती. चिन्ह सेनेचं, माणूस अभ्यासू, असा तो मेळ होता. म्हणून जुन्या समाजवादी घरांतही मत पडायला अडचण आली नाही.

पुढचं राजकारण राणे आले की गेले, याभोवतीच फिरतं. २००५ ला ते सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, २००९ ला त्यांच्या मुलाने, निलेश राणेंनी प्रभूंना हरवलं. २०१४ आणि २०१९ ला सेनेच्या विनायक राऊतांनी निलेश यांना पाडलं, २०२४ ला खुद्द नारायण राणे भाजपकडून जिंकले, सुमारे ४८ हजारांनी.

मात्र २००९ पासूनचे आकडे जुन्या राजापूरच्या आकड्यांशेजारी मांडू नका. पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघच संपला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात चिपळूण आणि रत्नागिरी हे विधानसभा मतदारसंघ आले, जे राजापूरमध्ये कधी नव्हतेच. तुलना करायचीच तर विधानसभानिहाय करा, निदान कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी वेगळे काढून.