तालुक्याच्या गावी मदत केंद्र आणि एमएसडब्ल्यूचे फील्डवर्क : आधी माणूस नेमा, मग विद्यार्थी पाठवा

प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात यंदा एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) पहिली तुकडी सुरू होते आहे, विद्यार्थी १२, आणि फील्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत काम करून शिकायला, पाठवावी अशी धड एकही संस्था आसपास नाही. तेव्हा महाविद्यालयानेच सरकारी योजनांचे अर्ज आणि घरच्या अडचणी घेऊन येणाऱ्यांसाठी मदत केंद्र काढून ते विद्यार्थ्यांकडून चालवून घ्यावे का?

केंद्र जरूर काढा. विद्यार्थी ते चालवतील, हे मात्र डोक्यातून काढून टाका.

हिशेब साधा आहे. फील्डवर्क आठवड्याला दोन दिवस, साधारण १५ तास. त्यातून दिवाळी, सत्र परीक्षा, रुरल कॅम्प आणि अभ्यास दौरा वजा केला की वर्षाकाठी ४५-५० दिवस हाती उरतात. उन्हाळ्यात तर केंद्रात कोणीच नसणार, आणि अर्जात त्रुटी निघायची ती नेमकी मे महिन्यात निघते. दाराला एकदा कुलूप दिसले की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, तो तहसीलबाहेरच्या एजंटाकडे जातो. म्हणून पहिला पैसा फलकावर किंवा खुर्च्यांवर न घालता एका पूर्णवेळ, पगारी, स्थानिक कार्यकर्तीवर घाला. ती एमएसडब्ल्यू नसली तरी चालेल. बारावी झालेली, चार गावांत ओळख असलेली आणि साहेबांच्या केबिनबाहेर दोन तास बसायची तयारी असलेली हवी. प्रत्येक केस तिच्या नावावर राहील, विद्यार्थी तिच्या जोडीने काम करतील.

मुंबईतही क्रम हाच होता. नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याचे नेबरहुड हाउस, म्हणजे वस्तीतले सेवाकेंद्र, आधी उभे राहिले, वस्तीत काम चालू झाले, आणि त्यातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), निघाली. १९८४ मध्ये याच संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवून. आधी सेवा, मग तिथे शिक्षण.

दार उघडण्याआधी दोन महिने फक्त माहिती गोळा करा. कार्यालयांचे पत्ते आणि फोन नंबर म्हणजे माहिती नव्हे, ते कोणालाही मिळतात. तुम्हाला टेबल माहीत हवे. संजय गांधी योजनेची शाखा तहसीलमध्ये कुठल्या खोलीत आहे, नायब तहसीलदार कोणत्या वारी हमखास भेटतात, दिव्यांग तपासणीचे बोर्ड कोणत्या वारी बसते आणि त्यासाठी पहाटे रांग लावावी लागते का, घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी पाहणारा संरक्षण अधिकारी तुमच्या तालुक्याला स्वतंत्र आहे की दोन तालुके मिळून एक, बालकल्याण समितीच्या बैठका कोणत्या दिवशी होतात, तालुका विधी सेवा समितीचा कारकून कोर्टात कुठे बसतो. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने ठेवा : लागणारे कागद, अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण, माहिती शेवटची कधी तपासली. तीन महिन्यांपूर्वीची नोंद शिळी समजायची, कारण तोवर एखादी बदली झालेलीच असते. विद्यार्थ्यांच्या पहिल्या तीन आठवड्यांचे काम हेच असावे. या काळात त्यांच्या हाती एकही केस देऊ नका.

जागा महाविद्यालयाच्या आवारात नको. गेटवर वॉचमन 'कुठे चाललात' म्हणून विचारतो, तिथेच निम्मी माणसे माघारी फिरतात. तहसील किंवा ग्रामीण रुग्णालयापासून चालत येता येईल अशी खोली घ्या आणि बाजाराच्या दिवशी ती उघडी असलीच पाहिजे. आत आडोसा करून एक स्वतंत्र कोपरा आणि कुलपाचे कपाट हवे. रजिस्टरे तीनच : आवक, पाठपुरावा आणि रेफरल, म्हणजे योग्य कार्यालयाकडे केलेली पाठवणी. रेफरलची चिठ्ठी दोन प्रतींत. एक माणसाच्या हाती द्यायची, दुसरी आपल्याकडे, आणि आठ दिवसांनी फोन करून 'तिथे गेला होतात का, काय म्हणाले' हे विचारायचे. चिठ्ठी देऊन विसरणे याला रेफरल म्हणत नाहीत, बोळवण म्हणतात.

आता शिकवण्याचे. नव्या विद्यार्थ्याला पहिली केस विधवेच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जाची द्यावी. 'हे तर एजंटाचे काम' म्हणून विद्यार्थी नाक मुरडतात, पण केसवर्कचे, म्हणजे एकेका माणसाबरोबर त्याची अडचण सोडवण्याच्या कामाचे, सगळे धडे या एका अर्जात आहेत. अटी अशा : वय ६५ च्या आत (त्यापुढे श्रावणबाळ योजना), महाराष्ट्रात किमान १५ वर्षे रहिवास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. अनुदान महिना १,५०० रुपये.

पहिली अडचण पतीच्या मृत्यू दाखल्याची. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. शेतावर किंवा ऊसतोडीच्या फडावर माणूस गेला की ती राहून जाते. वर्ष उलटले की २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. विद्यार्थी हे न विचारताच अर्ज भरायला घेतो आणि महिन्याने पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची, आणि खरे केसवर्क इथे सुरू होते. बाईचे नाव सासऱ्याच्या किंवा दिराच्या रेशनकार्डावर असते, त्यामुळे सगळ्या घराचे उत्पन्न धरले जाते आणि दाखला २१,००० च्या वर जातो. कागदावर उपाय सोपा, रेशनकार्ड विभक्त करा. पण सासरच्यांच्या कानाला ते 'वाटणी मागते' असे ऐकू येते, सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागायचे राहिलेले असते, आणि उद्या तिला त्याच घरात भाकरी खायची असते. पहिल्याच भेटीत 'रेशनकार्ड वेगळे करून घ्या' असे सांगणारा विद्यार्थी तिला भांडणात ढकलून संध्याकाळच्या एसटीने परत जातो. तिला काय हवे, काय झेपेल, घरात तिच्या बाजूने कोण बोलेल, हे दोन-तीन भेटींत कळते. नेहमी एखादी नणंद किंवा चुलतसासू निघतेच. ती सापडेपर्यंत विभक्त रेशनकार्डाचा अर्ज करू नये.

तिसरी अडचण बँकेची. अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यावर येते, आणि ते खाते अर्जावर लिहिलेलेच असेल असे नाही. कधीकाळी उघडलेले जनधन खाते जोडलेले असते आणि पासबुक हरवलेले असते. मंजुरीआधीच आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते तपासून घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून निघायचे नाही. मंजुरी मिळाली म्हणून केसही बंद करायची नाही. तिसरा हप्ता पासबुकात दिसला की बंद करा. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला तर अनुदान थांबते. त्याची तारीख कार्यकर्तीच्या रजिस्टरात, विद्यार्थ्याच्या वहीत नव्हे.

रेकॉर्डिंगवर, म्हणजे भेटींच्या लेखी नोंदींवर, भरपूर वेळ घाला. 'घरची परिस्थिती हलाखीची, सासू त्रासदायक स्वभावाची' असले वाक्य लाल शाईने खोडा. 'चुलीवर दुपारची भाकरी नव्हती. प्रश्न बाईंना विचारला की उत्तर सासूबाई देत होत्या' असे लिहिले की वाचणाऱ्याला काहीतरी कळते. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले यांच्यासाठी पानावर तीन वेगळ्या जागा ठेवा. महाविद्यालयात जाणाऱ्या प्रतीत नाव आणि गाव नको. केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. पहिल्याच दिवशी बजावा आणि तरीही तपासत राहा.

शिक्षकाने एकेका विद्यार्थ्याशी करायची वैयक्तिक चर्चा, म्हणजे आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स), आठवड्याला प्रत्येकी ४५ मिनिटे. १२ विद्यार्थ्यांचे नऊ तास होतात, म्हणून एका शिक्षकावर सगळे टाकू नका. सहा-सहाचे दोन गट करा. वेळ मिळाला नाही म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून उरकलेली चर्चा ही आयसी नव्हे.

काही केसेस विद्यार्थ्याने एकट्याने हाताळायच्याच नाहीत. १८ वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मुलाला 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द विद्यार्थ्याने कधीही देऊ नये. देऊन मोडला तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर लगेच फोन करा. घरगुती हिंसाचारात समेट घडवायला जाऊ नका. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घटना अहवाल भरून घ्या, तातडीचा निवारा हवा असेल तर सखी वन स्टॉप सेंटर किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन. आणि तिच्या घरच्या फोनवर उलट फोन करू नका, कोणत्या वेळी कोणत्या नंबरवर करायचा ते तिलाच विचारा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे कोर्टाच्या पायरीवरही पुष्कळांना माहीत नसते. गृहभेटीला दोघांनी जायचे, स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही, पदरचे पैसे द्यायचे नाहीत. पैशाचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो, तोही चांगल्या विद्यार्थ्यांकडून.

खर्चाचे काय? कार्यकर्तीचा पगार किमान तीन वर्षांचा हाती असल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि तो सरकारी प्रकल्पाच्या भरवशावर ठेवू नका. गावपातळीवरच्या खर्चाला मात्र वाट आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते मार्चअखेर घाईघाईत वस्तू वाटून संपवले जातात. तपासणी बोर्डाला जायची गाडी, साहाय्यक साधने, किशोरींचे शिबिर असे छोटे, नेमके प्रस्ताव विकास आराखड्याच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या. सभेत उठून मागणी विद्यार्थ्याने करू नये, ज्याला गरज आहे त्या गावकऱ्याने करावी. विद्यार्थ्याने फक्त आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून काय बोलायचे याची तयारी करून घ्यावी. सी.ओ., म्हणजे कम्युनिटी ऑर्गनायझेशन (लोकसंघटन), शिकवायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. नवी संस्था नोंदवायच्या फंदात सध्या पडू नका. महाविद्यालयाची विश्वस्त संस्था आहे, तिच्या ठरावाखाली केंद्र चालू शकते.

फेब्रुवारीच्या शेवटी नवी केस घेणे विद्यार्थ्यांपुरते थांबवा. प्रत्येकाने आपल्या चालू केसेसचे एक पान लिहायचे : कुठवर आले, पुढची तारीख कोणती, कोणता कागद कोणाकडे अडकला. मग कार्यकर्तीला बरोबर घेऊन प्रत्येक घरी शेवटची भेट द्यायची आणि 'आता मी येणार नाही, या ताई येतील' हे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. फील्डवर्कच्या गुणांपैकी काही गुण या भेटींसाठी राखून ठेवा, नाहीतर परीक्षेच्या धांदलीत पहिली गळते ती हीच.