लेक म्हणते, औषधी वनस्पतींचंच शिकायचंय

पत्र लांजा तालुक्यातल्या एका आईचं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी. नीटला मार्क कमी पडले आणि पुन्हा देणार नाही म्हणते. सीईटीला बरे आहेत. तिला औषधी वनस्पतींची लागवड, प्रक्रिया आणि एक्सपोर्ट यातच काहीतरी करायचंय. तिचे बाबा म्हणतात, नर्सिंग कर, नोकरी तरी लागेल. मुंबईचे दीर म्हणतात, तीन दिवसांचा एक्सपोर्टचा कोर्स असतो, तो करून धंद्याला लाग. आमची दोन एकर वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आहे. दहा-बारा रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, आणि गडग्याला, दगडी कुंपणाला, दोन जुने बेहडे. मागच्या महिन्यात एका कंपनीचा माणूस आला होता. अश्वगंधा लावा, बियाणं आमचं, माल आम्हीच उचलणार, एक लाख ऐंशी हजार भरा, म्हणाला. सातबाराची झेरॉक्स घेऊन गेलाय. पोरगी उन्हाळ्यात आजीबरोबर सोलं घालते, रानातली पानं वहीत चिकटवून नावं लिहिते. याला करिअर म्हणायचं का?"

ताई,

तुमच्या लेकीच्या प्रश्नाला सवड आहे, त्या माणसाच्या कराराच्या कागदाला नाही. म्हणून आधी तो.

अश्वगंधाचा मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला भरतो. नीमच-मंदसौरचा तो कोरडा पट्टा आहे. हे पीक थोड्या पावसावर येतं आणि मुळं तयार होताना त्याला कोरडी हवा लागते. तुमच्याकडे मिरगापासून जे सुरू होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कातळावरच्या वीतभर मातीत पाणी साचलं की मुळं कुजणार. हे त्या माणसाला ठाऊक नसेल तर त्याला धंदा कळत नाही, आणि ठाऊक असेल तर त्याचा धंदा बियाणं विकण्याचा आहे. सफेद मुसळी या औषधी मुळीच्या वेळीही महाराष्ट्रात हेच झालं होतं. लावणीच्या मुळ्या सोन्याच्या भावाने विकल्या गेल्या आणि माल निघाला तेव्हा घेणारा सापडेना.

कागद हातात असेल तर तीन गोष्टी बघा. मालाचा दर्जा कोण ठरवणार? ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल, हा आकडा लिहिलाय का? वाद झाला तर कोर्ट कुठल्या गावचं? असे जे कागद माझ्याकडे येतात त्यांत पहिल्याचं उत्तर "कंपनी", दुसरं कोरं आणि तिसरं परराज्यातलं असतं. पैसे भरू नका.

आता लेकीकडे येते.

दिरांचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. निर्यातदार होणं आज अवघड नाही. पॅनकार्ड, बँक खातं आणि पाचशे रुपये फी, एवढ्यावर घरबसल्या आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर मिळतो. कोकम, जायफळ, दालचिनी पाठवायची तर स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते, कारण ही तिन्ही त्यांच्या मसाल्यांच्या यादीत येतात. इतर जडीबुटीसाठी शेफेक्सिल ही परिषद आहे, आणि २०२२ पासून आयुष उत्पादनांसाठी आयुषेक्सिल. पुढे क्वारंटाइनचा फायटोसॅनिटरी दाखला, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा, आणि मग न्हावा शेवा बंदर. तीन दिवसांच्या कोर्समध्ये हे सगळं सांगतात, आणि चुकीचं सांगत नाहीत. पण कंटेनरमध्ये भरायचं काय आणि ते समोरचा परत का पाठवणार नाही, हे तिथे कोणी शिकवत नाही.

मी अकरा वर्षं नवी मुंबईत अर्क काढणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. माल तपासून घ्यायचा की परत करायचा, हे ठरवणाऱ्या टेबलावर. एकदा ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातून गुळवेलीचा ट्रक आला. गोणीत हात कोपरापर्यंत घातला तर आत उबारा लागला, कोंबडी अंड्यांवर बसावी तसा. सुकलेला माल गरम लागला म्हणजे आत बुरशीचा संसार सुरू झालेला असतो. ओलावा मोजला तर आमच्या मर्यादेच्या दीडपट. तरी एक गोणी बाजूला काढून पुढची तपासणी केली, तर त्यात ई-कोलाय, म्हणजे शेणा-विष्ठेतून येणारा जंतू. पाठवणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. बिचारे म्हणाले, "मॅडम, माल एकदम स्वच्छ. शेणाने सारवलेल्या खळ्यात वाळवलाय." माझी आजीही असंच म्हणाली असती. घरच्या कुळथाला ते खळं चालतं, कारण कुळीथ आपण शिजवून खातो. औषधाच्या चूर्णाला नाही चालत. अख्खा ट्रक परत गेला आणि भाडं त्यांच्या अंगावर पडलं. गुळवेल अस्सल होती, खुडलीही नीट होती. वाया गेली ती खुडल्यानंतरच्या आठवड्यात.

आपल्या पट्ट्यात माणूस कमी आहे तो इथेच. झाडं आहेत, गोळा करणारे हातही अजून आहेत. पण वनस्पती नेमकी ओळखून, नीट सुकवून, कुठून कधी काढली त्याची नोंद ठेवून, तपासणीत टिकेल असा माल ट्रकमध्ये चढवणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही. तुमच्या लेकीने तो व्हावं असं माझं मत आहे. एक्सपोर्टर तिला नंतर कधीही होता येईल.

ओळख म्हणताना ती किरकोळ गोष्ट वाटते, पण शाळेच्या कंपाउंडला उंच सरळसोट 'अशोक' असतो ना, तो औषधातला अशोक नव्हे. औषधाला लागते ती सीतेच्या अशोकाची साल, आणि बाजारात त्या नावाखाली ही कंपाउंडची साल सर्रास खपते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला सारख्या वेलीशी गल्लत होत असल्याकडे बोट दाखवलं. वाद कुणी जिंको, हातातली वेल नक्की कुठली हे छातीठोकपणे सांगू शकणाऱ्या माणसाची किंमत त्या वर्षी सगळ्यांना कळली. लेकीची ती पानांची वही फेकू देऊ नका. फक्त प्रत्येक पानाखाली गाव, तारीख, आणि झाड फुलावर होतं का, हेही लिहायला सांगा.

आता "परदेशात प्रचंड मागणी" या वाक्याबद्दल. ते खोटं नाही, अर्धवट आहे. भारतातून जाणाऱ्या औषधी मालात इसबगोल आणि सोनामुखी ही मोठी नावं. इसबगोल उंझ्याला भरडलं जातं, सोनामुखी राजस्थान-तमिळनाडूकडची. दोन्ही कोकणातली नव्हेत. शिवाय युरोपात पारंपरिक "औषध" म्हणून सोप्या नोंदणीने वनस्पती विकायची तर ती तीस वर्षं वापरात असल्याचा, आणि त्यातली पंधरा वर्षं युरोपातच, पुरावा लागतो. हा नियम २००४ चा आहे आणि २०११ पासून पुरता लागू झाला. त्यामुळे आपला बराचसा माल तिकडे कच्चा माल, अर्क, चहा किंवा पूरक आहार म्हणून जातो. कस्टमच्या भाषेत सुकी पानं-मुळं-साली १२११ या कोडखाली जातात आणि अर्क १३०२ खाली. एकाच झाडाचा माल या कोडवरून त्या कोडवर गेला की त्याचा भाव पालटतो. लेकीला हे दोन आकडे पाठ असू देत.

कोकणाचं स्वतःचं म्हणावं असं थोडं आहे, पण आहे. रातांबा आपलाच, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तुमच्याकडे सोलांना आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची पुटं देतात, मीठ लावतात. अर्क काढणाऱ्याला मीठ नको असतं, त्याला बिनमिठाचं कोरडं साल हवं. बी फेकून देऊ नका, त्यातलं मुठेल, म्हणजे घट्ट कोकमतेल, आता पायाच्या भेगांपुरतं राहिलेलं नाही, कोकम बटर म्हणून ते कॉस्मेटिकवाले घेतात. जायफळ-दालचिनी बागायतीची पिकं, माडा-पोफळीच्या सावलीतली. तुमच्या वरकसावर पाण्याशिवाय जायफळ येणार नाही. वेंगुर्ल्याकडची सुरंगीची कळी, घाटाखालचा हिरडा-बेहडा ही झाडावरची मिळकत. बेहड्याचं तर असं झालंय की सह्याद्रीच्या उत्तर भागात फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र घेऊन फळं परदेशी जातात. झाड न तोडता, ठरावीक वाटा रानाला ठेवून गोळा केली म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. तुमच्या गडग्यावरचे दोन बेहडे लाकूडवाल्याला देऊ नका, एवढं माझं ऐका. त्यांच्या ढोलीत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, राहत असेल तर लेकीला त्याचीही नोंद करू दे.

आणि एक गोष्ट कुणीतरी तिच्या कानावर घालणारच, म्हणून आधीच सांगते. नरक्या नावाचं झाड. त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणून रातोरात झाडं तोडून नेणाऱ्या टोळ्या आपल्या जिल्ह्यांत पकडल्या गेल्यात. त्या वाटेला जायचं नाही. सर्पगंधेचंही तसंच आहे. रानातून काढलेली परदेशी पाठवता येत नाही, लावलेली असेल तर लागवडीचा दाखला लागतो. या धंद्यात "लावलेलं की रानातलं" हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर कागदावर असावं लागतं.

शिक्षणाचं म्हणाल तर माझी पहिली पसंती बीएस्सी उद्यानविद्या. आपलं कृषी विद्यापीठ दापोलीला १९७२ पासून आहे, उद्यानविद्येचं कॉलेज दापोलीत आहे आणि कुडाळजवळ मुळद्यालाही. प्रवेश सीईटीवरच होतो. कोकम अमृता, कोकम हातीस या जाती याच विद्यापीठाच्या. तिथे ती कलम बांधायला शिकेल, आणि रातांब्यात ते फार महत्त्वाचं. बियांपासून लावलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं निघून जातात.

नंबर नाही लागला तर बीफार्म, पुढे औषधनिर्मितीतल्या वनस्पतिशास्त्राचा, म्हणजे फार्माकोग्नसीचा अभ्यास. हा रस्ता लॅबकडे जास्त झुकतो आणि खाजगी कॉलेजात फी चटके देणारी आहे. तेही जमण्यासारखं नसेल तर रत्नागिरीत बॉटनी-केमिस्ट्री घेऊन साधी बीएस्सी. मला हाही रस्ता कमी वाटत नाही, मी त्याच रस्त्याने आले. मात्र दर सुट्टीत काम हवं. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुणे विद्यापीठात आहे, बेळगावला पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे. प्रशिक्षणासाठी त्यांना पत्र लिहायला पैसे पडत नाहीत. एक्सपोर्टचा तो तीन दिवसांचा कोर्स शेवटच्या वर्षाला करू दे, तेव्हा तिला विचारायला प्रश्न असतील.

तिच्या बाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. नर्सिंग झालेल्या मुलीला पहिली नोकरी लवकर मिळते. हिला लॅबमध्ये पहिली दोन-तीन वर्षं नवी मुंबईत खोलीभाडं आणि डबा जाऊन हातात फार उरणार नाही. सरकारी जागांची आशा धरू नका. स्वतःचं काही उभं राहायला तिशी येईल. हे त्यांना स्पष्ट सांगा आणि तिलाही सांगा. तिला रक्त बघवत नसेल, कुणाची शुश्रूषा करायची ओढ नसेल, तर केवळ नोकरीसाठी नर्सिंग नको. तसं नसेल तर तिला एकदा नीट विचारा, कारण तुमच्या पत्रात तिचं नर्सिंगबद्दलचं मत कुठेच नाही.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर तिला एक काम द्या. झाडावर शेवटचे रातांबे असतील, पावसाने सडायच्या आत पाच किलो काढा. फोडून बिया वेगळ्या करायच्या आणि सालांचे दोन सारखे वाटे. एक ओटीवर सुपात, दुसरा चुलीवरच्या माळ्यावर, धूर थेट लागणार नाही असा, स्वच्छ कापडावर. मीठ नाही, पुटं नाहीत. रोज संध्याकाळी दोन्ही वाटे वजन करून वहीत लिहायचे. वजन उतरायचं थांबलं की दोन बरण्यांत भरून घट्ट लावायच्या आणि श्रावण लागेपर्यंत उघडायच्या नाहीत. मग उघडून वास घ्यायचा. बहुतेक ओटीवरची बरणी फसेल. त्यानंतर ती स्वतःहून "मग वाळवायचं कसं?" म्हणून तुमच्या मागे लागली, कपाट, पंखा, सोलर ड्रायर असलं काही विचारू लागली, तर प्रवेशाचा फॉर्म बिनघोर भरा. बरणी तशीच कोनाड्यात पडून राहिली, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरं बघू.

आणि त्या माणसाला आजच फोन करून सातबाराची झेरॉक्स परत मागा. ती देताना त्यावर कामाचं कारण आणि तारीख लिहून सही केली नसेल, तर तलाठ्याकडे जाऊन उताऱ्यावर कसला बोजा चढलेला नाही ना, एवढं बघून या.