आधी शाळेत जाऊन बस

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बावीस शाळांचे प्रिन्सिपल तुझ्याकडे सोपवलेत आणि तू विचारतोस, त्यांच्या मूल्यमापनाचा नवा तक्ता कसा राबवू? तक्ता राहू दे. महिन्याभरात किती शाळांत जाऊन बसलास, याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

बावीस शाळा एका माणसाला पेलत नाहीत, हे मान्य. 2013 च्या पाहणीत अमेरिकेतल्या मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टांमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांमध्ये, प्रिन्सिपलवर देखरेख करणाऱ्या तुझ्यासारख्या एका सुपरव्हायझरकडे सरासरी चोवीस शाळा होत्या. पुढे वॉलेस फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या मदतीने सहा डिस्ट्रिक्टांनी आपला आकडा सतरावरून बारावर आणला, ऑफिसातली बाकीची कामं दुसऱ्यांकडे दिली. मोकळा झालेला वेळ कशासाठी? शाळेत जाण्यासाठी. वर्गात प्रिन्सिपलच्या शेजारी बसून तोच तास बघायचा, मग दार लावून विचारायचं, तुला काय दिसलं? अर्धा तास पुरतो. मात्र तो दर दोन-तीन आठवड्यांनी मिळायला हवा.

माझ्याकडे एकोणीस शाळा होत्या. त्यांतली एक नवी प्रिन्सिपल मला लांबलचक ईमेल लिहायची. मी प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे आणि समजायचे, आपण तिच्या पाठीशी आहोत. वर्षभरात तिच्या शाळेत दोनदा गेले, दोन्ही वेळा तक्ता भरायला. दुसऱ्या वर्षी तिने राजीनामा दिला. बजेटच्या बैठका होत्या, बसगाड्यांच्या तक्रारी होत्या, वरून रोज काहीतरी मागणी यायची. सगळं खरं आहे. तरी जायला हवं होतं. त्यानंतर मी मंगळवार आणि गुरुवार ऑफिसात पाय ठेवला नाही. वरिष्ठ चिडले, मी हटले नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं.

पैसे नाहीत हे कारण तुला ऐकवतील. तेव्हा रँड या संशोधन संस्थेचा 2019 चा अहवाल पुढे ठेव. दुसऱ्या सहा मोठ्या डिस्ट्रिक्टांनी प्रिन्सिपलसाठी निकष ठरवले, उमेदवार आधीपासून घडवले, निवड काटेकोर केली आणि नव्या प्रिन्सिपलना पहिली काही वर्षं मार्गदर्शक दिला. या सगळ्याचा खर्च विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे 42 डॉलर, म्हणजे बजेटच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तिथे नवे प्रिन्सिपल आलेल्या शाळा तीन वर्षांनी तशाच इतर शाळांपेक्षा वाचनात सहा पर्सेंटाइलहून अधिक पुढे होत्या, गणितात जवळजवळ तीन. नवे प्रिन्सिपल टिकण्याचं प्रमाणही वाढलं.

तू हुशार आहेस, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. हुशार माणसाला तक्ता फार आवडतो. निकष लागतातच, मी नाही म्हणत नाही, पण निकष शाळेत जाऊन शेजारी बसत नाहीत.

पत्राच्या शेवटी लिहिलंस, एक नवी प्रिन्सिपल तुझ्या ईमेलला उत्तरच देत नाही, तिला स्मरणपत्र पाठवू का? नको पाठवूस. सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत तिच्या दारात उभा राहा. हातात कागद नको. मुलं आत घेताना तिच्या बाजूला थांब, आणि दुपारपर्यंत निघू नकोस.