कालनिर्णयवरच्या लाल फुल्या

"सोनोग्राफी नॉर्मल आहे. म्हणजे हे पाळीतलं दुखणं माझ्या मनाचंच ना, मॅडम?" रत्नागिरीत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणींनी हे विचारलंय, की आज एकीची गोष्ट ओळख बदलून सांगते.

देवगडकडची शिक्षिका, वय 28. आठवीपासून पाळीत अंथरूण धरायची. "लग्न झालं की थांबेल," असं आई म्हणे. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "आमका काय कधी दुखला नाय?" शेवटी टेन्शन असेल म्हणून तिला माझ्याकडे धाडलं.

मी एकच काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी, दुखेल त्या दिवशी लाल फुली. शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखलं तर फुलीभोवती गोल.

तीन महिन्यांनी ती पानं फाडूनच घेऊन आली. मोजता मोजता थांबली.

"पाळी नसतानाच्या 11 आहेत."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी नाटकं करत नव्हते."

तेव्हा मला उमगलं, की तिच्या मनात दोन वाक्यं एकमेकांत गुंतली होती: 'मला दुखतंय' आणि 'मी कमकुवत आहे'. पहिल्यावर डॉक्टरांनी उपचार करायचे, दुसरं वाक्य आम्ही दोघींनी मिळून तपासायचं. माझं सारं काम याच भेदावर उभं आहे, आणि ते इथे कामी आलं.

ती पानं तिने स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवली. त्यांना एंडोमेट्रिओसिसचा संशय आला. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर, बीजकोशावर, कधी आतड्यावर रुजतं आणि तिथे दाह होतो. बीजकोशावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ, सोनोग्राफीत दिसते. पोटातल्या आवरणावरचे या आजाराचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार नाही असं होत नाही.

तिला डायनोजेस्ट ही रोजची हॉर्मोनची गोळी सुरू झाली. गोळी दुखणं दाबते, बंद केल्यावर ते परतू शकतं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली तरी आजार पुन्हा होऊ शकतो. हे आधी कळलं तर नंतर 'माझंच नशीब' वाटत नाही. मूल कधी हवंय, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण या गोळ्यांवर असताना सहसा दिवस राहत नाहीत. 'एक मूल झालं की बरं होईल' हा मात्र उपचार नव्हे. आणि हा आजार असलेल्या कितीतरी जणींना आपसूक दिवस राहतात, हेही ऐकून ठेवा.

परवा ती चालू महिन्याचं पान घेऊन आली. फुल्या तीनच. त्यातली एक जरा वाकडी होती.

"त्या दिवशी मी झोपून होते," ती म्हणाली. "ही सासूबाईंनी काढली."