आधी कंट्रोलच्या पेशी तपासा

हर्पिस-१ विषाणूचा संसर्ग दिला की हेलात (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी) त्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या ई६ प्रथिनाचा आरएनए घसरतो आणि कंट्रोल म्हणून घेतलेल्या सी-३३ए या दुसऱ्या पेशींमध्ये पी५३ (कर्करोग रोखणारं प्रथिन) जेमतेम दिसतं, हे तुमचं वाचून पोटात गोळाच आला. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी गाईडना मी जवळपास हेच लिहिलं होतं.

ई६ पी५३ ला कसं संपवतं हे तुम्हाला सांगायला नको. पण सी-३३ए मध्ये एचपीव्ही नाही आणि पी५३ म्यूटंट आहे, त्यामुळे ते पेशीत साचतं, म्हणजे वेस्टर्नवर (प्रथिन दाखवणारी चाचणी) बँड जाडजूड यायला हवा. माझा पुसट यायचा, विषाणू न दिलेल्या लेनमध्येसुद्धा! आणि मी काय केलं? अँटीबॉडी बदलली. दोनदा. एके दिवशी प्लेट लावताना चुकून एचपीव्ही-१८ (हेलातला प्रकार) शोधणारे प्रायमर कंट्रोलच्या रांगेत पडले आणि झकास सिग्नल आला. एसटीआर (पेशींची डीएनए ओळखचाचणी) करून घेतलं, तर माझं सी-३३ए म्हणजे चक्क हेला. अकरा महिने पाण्यात.

पेशींची व्हायल जिथून आली त्या लॅबला कळवलं (नाव घेत नाही). उत्तर आलं, ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं हीच वापरतात, कुणाची तक्रार नाही.’ अहो, तोच तर प्रॉब्लेम आहे! गार्टलर या अनुवंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच १८ सेल लाइन्स हेलाने बाटल्याचं दाखवलं होतं. तरी एसटीआरचे पैसे मागितले की आपल्याकडे तोंडं वाकडी होतात.

दुसरं, ई६ घसरला म्हणून ‘हर्पिस एचपीव्हीला दाबतो’ असं लगेच लिहू नका. हर्पिसचं व्हीएचएस प्रथिन यजमान पेशीचे एमआरएनए सरसकट कापत सुटतं. त्यात तुलनेसाठी नेहमी घेतात तो जीएपीडीएचही जातो, मग त्याच्याशी तुलना करून हाती काय लागणार? मी १८एस (रायबोसोमचा आरएनए) घ्यायचे. व्हीएचएस नसलेला म्यूटंट विषाणू मिळाला तर सोन्याहून पिवळं. मी मुळात बायोकेमिस्ट्रीची, तेव्हा एखाद्या व्हायरॉलॉजिस्टलाही विचारा. आणि पेशंटच्या बाबतीत यातून काहीही निष्कर्ष काढू नका. १९७० च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी हर्पिस-२ वरच संशय होता. विषाणूशास्त्रज्ञ झुर हाउझेन यांना गाठींत त्याचा डीएनए सापडला नाही, म्हणून ते एचपीव्हीकडे वळले.

जाता जाता: हेलाची मीडियमची बाटली वेगळी ठेवा आणि हूडमध्ये (पेशी हाताळायच्या कपाटात) हेला सगळ्यात शेवटी उघडा. तुमच्या सी-३३ए चा पॅसेज नंबर (किती वेळा नव्या बाटलीत वाढवल्या) कितवा आहे? व्हायल कुठून आली ते इथे लिहू नका, फक्त एसटीआर झालंय की नाही तेवढं सांगा.