पीटीचा तास गणिताला

प्रश्न : बाई, माझी मुलगी सरकारी शाळेत आठवीला आहे. आठवड्याला पीटीचे दोन तास. एक गणिताचे सर मागून घेतात, दुसरा पावसात बुडतो. परवा ६०० मीटरच्या चाचणीत ती धाप लागून मध्येच बसली. शाळेत तक्रार करू का?
– एक आई, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : आधी माझी कबुली. मी पीटीची बाई असूनही परीक्षा जवळ आली की दहावीचे तास गणिताला देऊन टाकायचे. मलाही तेवढाच निवांतपणा! तेव्हा एकट्या सरांवर राग काढू नका.

तक्रारीऐवजी एवढंच विचारा, ‘गेल्या वर्षी हिला ६०० मीटरला किती वेळ लागला होता?’ केंद्र सरकारच्या ‘फिट इंडिया’ मोहिमेतल्या शालेय चाचण्यांत चौथीपासून ६०० मीटर, ५० मीटर, पाय ताठ ठेवून पुढे वाकणं हे सगळं मोजायचं असतं. आकडा मागितला की वही उघडावी लागते. ती कोरी निघाली, तर पुढचं बोलणं शाळेनेच करायचं.

पावसाची सबब मला पटत नाही. गोव्यात तो चार महिने असतोच. आमचं मैदान जुलैत भाताची खाचरं व्हायचं. मग व्हरांड्यात खडूने चौकोन आखून दोरीउड्या. सहाजणी उड्या मारायच्या, बाकीच्या मोजायच्या, आणि मोजणाऱ्यांचाच आवाज जास्त. शेजारच्या वर्गातून निरोप यायचा, मी ‘हो हो’ म्हणायचे. तसे दोन तास पुरत नाहीतच. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण धाप निव्वळ सराव नसल्याचीच असेल असं नाही. खालची पापणी ओढून बघा, आत फिकट दिसते का? आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ ते १४ वयात ते १२ ग्रॅमच्या खाली असलं तर ॲनिमिया. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती गिळते का, तेही विचारा. आमच्या मुली खिडकीतून भिरकावायच्या, शी काळी होते म्हणून. होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नको.

धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टर बघेपर्यंत धावणं बंद. नसेल तर संध्याकाळी देवळापर्यंत झपाझप चाला, तुम्हीही तिच्याबरोबर. रिपोर्ट आला की कळवा.