राजीनामा तूर्त खिशातच राहू द्या

प्रिय रात्रपाळीवाले दादा,

तुम्ही लिहिता की तुमचे वय 33 आहे, चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षांपासून तुम्ही कायम कामगार आहात, रात्रपाळीहून परतल्यावर घरातले सगळे झोपलेले असताना तुम्ही आठ गाणी रचली आहेत, आणि बिल विदर्स या अमेरिकी सोल गायकाचा पहिला अल्बम ऐकल्यापासून राजीनाम्याचा कागद तुमच्या खिशात आहे. घराचे हप्ते चालू असल्यामुळे पत्नी धास्तावली आहे. त्यातच, बाबांच्या दारूवरचे गाणे ऐकल्यापासून थोरल्या भावाने तुमच्याशी बोलणे टाकले आहे. घरातले चव्हाट्यावर आणू नकोस, एवढेच तो म्हणाला. नोकरी सोडावी का, आणि ते गाणे वगळावे का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर लिहिण्यापूर्वी 1971 सालचा तो अल्बम, ‘जस्ट ॲज आय ॲम’, मी पुन्हा सलग ऐकला. माझाही तो फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. ज्या माणसाच्या धाडसाचा दाखला तुम्ही पत्नीला देता, त्याने हा अल्बम करताना नोकरी सोडलेली नव्हती.

वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणींच्या गावात 1938 साली विदर्स जन्मला. तो 13 वर्षांचा असताना वडील वारले. पुढे नऊ वर्षे त्याने नौदलात काढली, तोतरेपणाशी झगडला आणि 1967 मध्ये लॉस एंजेलिसला आला. तिथे विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बोइंग 747 विमानांच्या शौचालयांचे काम तो करत असे, आणि त्याच पगारातून पैसे बाजूला काढून नमुन्यादाखल गाणी ध्वनिमुद्रित करून घेत असे. पहिली तबकडी आली तेव्हा तो 32 वर्षांचा होता, म्हणजे आज तुमचे जे वय आहे त्याच्या अगदी जवळ. तेव्हा उशीर झाल्याची भीती तुम्ही मनातून काढून टाका. अल्बमचे मुखपृष्ठ तुम्ही पाहिलेच असेल. कारखान्याच्या भिंतीशी तो उभा आहे आणि हातात जेवणाचा डबा आहे. ते छायाचित्र जेवणाच्या सुट्टीत खरोखरच कारखान्याच्या आवारात काढलेले आहे. गाण्याचा धंदा बेभरवशाचा आहे हे तो जाणून होता, म्हणून तबकडी येऊ घातली तरी त्याने हातचे काम सोडले नाही.

हे मी तुम्हाला केवळ जपून राहा म्हणून सांगत नाही. त्या गाण्यांत जे सच्चेपण तुम्हाला भावले, ते त्या डब्याशी जोडलेले आहे असे मला मनापासून वाटते. चर्चमधले गॉस्पेल गायन आणि रिदम अँड ब्लूज यांतून वाढलेल्या सोल संगीतात टाहो फोडून गाणारे थोर गायक होऊन गेले. विदर्स मात्र शेजारी बसून बोलावे तसा गातो. ‘हार्लेम’मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या त्या नावाच्या वस्तीतल्या गार पडलेल्या खोल्यांविषयी गातो, ‘ग्रँडमाज हँड्स’मध्ये आजीच्या दुखऱ्या, सुजणाऱ्या हातांविषयी. मुलाला पडताना सावरणारे, रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे ते हात एवढेच त्या गाण्यात आहे, आणि दोन मिनिटांत आपल्याला आपली आजी दिसू लागते. ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये ‘आय नो’ हे दोन शब्द तो 26 वेळा म्हणतो. त्या जागी आणखी ओळी लिहायचा त्याचा विचार होता; पण निर्माते बुकर टी. जोन्स आणि स्टुडिओतल्या इतर जाणत्या वादकांनी तसेच राहू दे म्हटले आणि त्याने ते ऐकले. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही गाण्यांतली शेवटची कडवी मला याच कारणाने जड वाटली, कारण टँकरच्या रांगेचे वर्णन संपल्यावर रांगेचा अर्थ सांगण्याची गरज नसते.

पैशांचेही पाहा. स्टुडिओचा खर्च झेपेना म्हणून त्या अल्बमच्या कामात मध्येच सुमारे सहा महिन्यांचा खंड पडला होता. तुमची आठही गाणी एकदम झाली पाहिजेत, असा हट्ट कोणी धरला आहे? टँकरचे आणि पाळीच्या बसचे अशी दोन गाणी यंदाच्या बोनसमधून चांगल्या स्टुडिओत करा. किती रक्कम घालणार आहात तो आकडा पत्नीला आधी सांगा आणि त्यापुढे जाऊ नका. तिच्या धास्तीला तुम्ही ‘साथ न देणे’ म्हणता, हे मला मान्य नाही. हप्त्याची तारीख ती लक्षात ठेवते म्हणून तर तुम्हाला पहाटे गाणी सुचू शकतात. गाण्यांतून सलग वर्षभर हप्त्याइतके पैसे येऊ लागले, तर राजीनाम्याचा कागद तिच्यासमोर ठेवा, त्याआधी नको.

आता भावाविषयी, ज्याने मला खरोखर विचारात पाडले. कारखाना बंद पडल्यावर बाबा प्यायला लागले, तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होता आणि भाऊ 14 वर्षांचा. गुत्त्यावरून त्यांना आणायला जाणारा तो होता. तुमच्या गाण्यात दार वाजते आणि लहान मुलगा पांघरुणात लपतो. बाबांना धरून उभा असलेला मोठा मुलगा त्यात कुठेच नाही. त्याचे दुःख कदाचित चव्हाट्याचे नसेलच.

याच अल्बममधली ‘बेटर ऑफ डेड’ आणि ‘आय’म हर डॅडी’ ही दोन गाणी पुन्हा ऐका. पहिले दारूपायी बायकामुले गमावलेल्या माणसाच्या तोंडी आहे, दुसरे स्वतःच्या मुलीला कधी न भेटलेल्या बापाच्या. दोन्हीकडे बाप स्वतःच बोलतो, आणि विदर्स त्याला न्यायाधीशासमोर उभे करत नाही, आपल्या गळ्यात जागा देतो. बाबांचे गाणे तुम्ही एकदा बाबांच्या तोंडून लिहून पाहा. कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसले त्या दिवसापासून सुरुवात करा, आणि त्यांना घरी घेऊन येणारा मुलगा त्यांना दिसू द्या.

ते लिहून झाले की सुट्टीच्या दिवशी भावाच्या घरी जा. गिटार नेऊ नका, फोनवर ध्वनिमुद्रण करू नका. नुसते म्हणून दाखवा. त्याने काही बदल सुचवला तर करा, कारण त्या रात्री तुमच्यापेक्षा त्याने अधिक पाहिल्या आहेत. तो नकोच म्हणाला, तर हे एक गाणे बाजूला ठेवा आणि बाकीच्या सात गाण्यांकडे वळा. तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई